‘डेथ प्रूफ’ पहिल्यांदा पाहताय? आधी ओरखडे वाचायला शिका

क्वेंटिन टॅरेंटिनो यांचा ‘डेथ प्रूफ’ (२००७) लावणाऱ्या नवख्या प्रेक्षकाची गाडी बहुतेक वेळा विसाव्या मिनिटाला अडकते. मुली गप्पा मारत असतात, चित्र मध्येच उडी मारते, पडद्यावर उभ्या रेघांचा पाऊस पडत असतो, आणि ज्या खुन्याची जाहिरात झाली तो अजून बारमध्ये बसून खातोय. फाइल खराब आहे असे समजून कोणी दुसरी प्रत शोधायला जातो, तर कोणी बंदच करतो. खरे तर हे सगळे जाणूनबुजून केलेले आहे. १९६० आणि ७० च्या दशकांतले अमेरिकी ‘एक्सप्लॉयटेशन’ चित्रपट, म्हणजे हिंसा, वेग, देह यांतले काहीतरी भडक दाखवायचे वचन देऊन तिकीट विकणारे कमी खर्चाचे चित्रपट, कसे बनत आणि कसे दाखवले जात हे थोडे ठाऊक असेल तर या चित्रपटातला प्रत्येक ओरखडा बोलू लागतो. त्यासाठीची तयारी इथे क्रमाने दिली आहे. शेवट कुठेही फोडलेला नाही.

आधी सूचना: हा प्रौढांसाठीचा चित्रपट आहे. एक अपघात अतिशय रक्तरंजित आहे आणि भाषा अखंड शिवराळ आहे. मुलांसोबत बसून पाहण्यासारखा नाही.

पायरी १: हातात कोणती आवृत्ती आहे ते मिनिटांवरून ओळखा

‘डेथ प्रूफ’ मुळात एकटा आलाच नव्हता. ६ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेत ‘ग्राइंडहाउस’ या नावाने दोन चित्रपटांचा एक खेळ प्रदर्शित झाला. पहिला रॉबर्ट रॉड्रिगेझ यांचा ‘प्लॅनेट टेरर’, दुसरा ‘डेथ प्रूफ’, आणि आजूबाजूला अस्तित्वात नसलेल्या चित्रपटांचे खोटे ट्रेलर. सगळे मिळून १९१ मिनिटे. एका तिकिटात दोन चित्रपट ही जुनी पद्धत तशीच्या तशी उचलायची कल्पना होती, पण प्रेक्षकांना तिची सवय उरली नव्हती. खेळ पडला. मग अमेरिकेबाहेर बहुतेक ठिकाणी दोन्ही चित्रपट वेगवेगळे आणि लांबवून प्रदर्शित झाले. मे २००७ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धा विभागात गेला तोही लांब ‘डेथ प्रूफ’च.

त्यामुळे ‘चालू करा’चे बटण दाबण्याआधी लांबी पाहा. सुमारे ८७ मिनिटे असेल तर ती जोडखेळातली आखूड आवृत्ती. सुमारे ११४ मिनिटे असेल तर स्वतंत्र लांब आवृत्ती. जुन्या युरोपीय डीव्हीडीवर १०९ किंवा ११० मिनिटे दिसली म्हणून काही कापले आहे असे समजू नका. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट तिथल्या टीव्हीसाठी २५ च्या वेगाने पळवत, म्हणून लांब आवृत्तीच चार टक्क्यांनी आखडते. १९१ मिनिटांचा पूर्ण खेळ अमेरिकेत ब्लू-रेवर २०१० मध्ये आला.

नवख्याने कोणती निवडावी? एका बैठकीत सव्वातीन तास देणार असाल तर पूर्ण जोडखेळ. खरी मजा तिथे आहे, कारण ‘प्लॅनेट टेरर’चा गोंगाट, स्फोट आणि झोंबी यांनी दमलेल्या डोळ्यांसमोर ‘डेथ प्रूफ’चा संथपणा येतो आणि तो विसाव्यासारखा वाटतो. तेवढा वेळ नसेल तर ११४ मिनिटांची. ८७ मिनिटांची आवृत्ती एकटीच वेगळी काढून पाहण्यात अर्थ नाही. तिच्यातला एक नाच मुद्दाम गाळलेला आहे. त्या जागी ‘रीळ हरवले आहे’ अशी पाटी येते आणि कथा पुढे उडी मारते. जोडखेळात ही पाटी फार नेमकी बसते. एकट्या चित्रपटात मात्र पाहणाऱ्याला काहीतरी हिरावल्यासारखे वाटते.

पायरी २: टीव्हीला गप्प करा

हे काम पाच मिनिटांचे आहे, पण यावर अर्धा चित्रपट अवलंबून आहे. आजचा टीव्ही चित्र ‘सुधारतो’. फिल्मचा दाणा, धूळ, बारीक रेघा हे त्याला दोष वाटतात आणि तो ते पुसतो. इथे ते पुसले की चित्रपटाची कातडी सोलल्यासारखे होते. सेटिंगमध्ये जाऊन चार गोष्टी बंद करा: हालचाल गुळगुळीत करणारी सोय (प्रत्येक कंपनीने तिला वेगळे नाव दिलेले असते, बहुधा त्यात ‘मोशन’ हा शब्द असतो), नॉइज रिडक्शन, एमपीईजी नॉइज रिडक्शन, आणि उजेडानुसार आपोआप बदलणारा कॉन्ट्रास्ट. शार्पनेस अगदी खाली आणा. ‘फिल्ममेकर मोड’ किंवा ‘सिनेमा मोड’ असेल तर यातले बरेचसे एका बटणात होते, पण नंतर मेनू एकदा तपासून घ्याच.

चित्र रुंद पट्टीचे, जवळपास २.३९ ला १ या प्रमाणाचे आहे. वरखाली काळ्या पट्ट्या येणारच. त्या घालवायला झूम केले तर मोटारींच्या दृश्यांत कडेने येणारी गाडीच चौकटीबाहेर जाते.

उपशीर्षके इंग्रजी का होईना, पण लावा. टेक्ससमधली बोली, एकमेकींचे वाक्य तोडत चाललेले संवाद आणि सत्तरच्या दशकातल्या गाड्यांचे संदर्भ कानाने पहिल्या फटक्यात पकडणे अवघड जाते.

पायरी ३: मोजका गृहपाठ

यादी करायला गेलात तर पन्नास चित्रपट निघतील. नवख्याला दोन पुरतात.

पहिला ‘व्हॅनिशिंग पॉइंट’ (१९७१, दिग्दर्शक रिचर्ड सराफियन). पांढरी १९७० ची डॉज चॅलेंजर आणि अमेरिकेच्या वाळवंटातला लांबलचक पाठलाग. ‘डेथ प्रूफ’च्या उत्तरार्धातल्या मुली याच चित्रपटाबद्दल बोलतात, आणि नेमकी तशीच पांढरी चॅलेंजर चालवायला मिळावी म्हणून एका अनोळखी माणसाच्या दारात जातात. मूळ गाडी आधी पाहिलेली असेल तर त्यांचा हट्ट आपलाही होतो.

दुसरा ‘हॅलोविन’ (१९७८, जॉन कार्पेंटर). एकामागून एक तरुण मुलींना गाठणारा खुनी, त्याचे लांबून पाहत राहणे, काही घडत नसतानाही वाढत जाणारी धास्ती हा सगळा साचा तिथे स्वच्छ दिसतो. ‘डेथ प्रूफ’मध्ये सुऱ्याच्या जागी मोटार आली, एवढाच बदल. शिवाय खुनी स्टंटमन माइक झालेला कर्ट रसेल हा १९८० च्या दशकात कार्पेंटर यांच्याच चित्रपटांचा नायक होता. अमेरिकी प्रेक्षक त्याला त्या ओळखीने भेटतो, त्याच्यावर पटकन भरवसा ठेवतो, आणि इथेच फसतो.

जोडखेळ पाहणार नसलात तरी जमल्यास ‘प्लॅनेट टेरर’ आधी पाहून घ्या. त्यातली डॉक्टर डकोटा ब्लॉक आणि पोलीस अधिकारी (टेक्सस रेंजर) अर्ल मॅकग्रॉ ही पात्रे ‘डेथ प्रूफ’च्या मधल्या रुग्णालयाच्या प्रसंगात पुन्हा दिसतात.

पायरी ४: खराब प्रिंट वाचायला शिका

इथे थोडे थांबायला हवे, कारण हा भाग समजला की चित्रपटाच्या बाहेरही उपयोगी पडतो. महाराष्ट्रातल्या जत्रांमध्ये तंबूतल्या टुरिंग टॉकीजचे खेळ ज्यांनी पाहिले आहेत त्यांच्या डोळ्यांना यातले बरेच काही ओळखीचे वाटेल. गावोगाव फिरून झिजलेले प्रिंट सगळीकडे सारखेच झिजते.

न्यूयॉर्कच्या ४२व्या रस्त्यावर, सातव्या आणि आठव्या अॅव्हेन्यूच्या मधल्या पट्ट्यात एक्सप्लॉयटेशन चित्रपट दाखवणारी चित्रपटगृहे, म्हणजेच ‘ग्राइंडहाउस’, खेटून उभी होती. सकाळपासून उत्तररात्रीपर्यंत खेळ सलग चालत. तिकीट स्वस्त, प्रेक्षक मधूनच येणार आणि मधूनच जाणार. भडक चित्रपटांची प्रिंटे मोजकीच काढलेली असत, आणि तीच एका शहरातून दुसऱ्या शहरात, तिथून ड्राइव्ह-इनमध्ये, म्हणजे मोटारीत बसून पाहायच्या उघड्या चित्रपटगृहांत, फिरत राहत. दर फेरीत त्यांना नवी जखम होई.

३५ मिमी फिल्म सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट धावते. २,००० फुटांचे एक रीळ साधारण २२ मिनिटे चालते. ११४ मिनिटांचा चित्रपट म्हणजे सहा रिळे. सर्वांत जास्त हाताळणी रिळाच्या पहिल्या आणि शेवटच्या काही फुटांची होते. ऑपरेटर ते टोक यंत्रात ओवतो, ते जमिनीवर लोळते, पुन्हा गुंडाळले जाते. त्यामुळे खऱ्या प्रिंटमध्ये रेघा आणि धूळ दर वीसेक मिनिटांनी दाट होतात आणि मग विरळ होतात. सगळीकडे सारखा पाऊस दिसला तर तो संगणकावर नवशिक्या हाताने पाडलेला असतो.

रीळ संपत आले की उजव्या वरच्या कोपऱ्यात गोल ठिपका चमकतो. पहिला शेवटच्या सुमारे आठ सेकंद आधी: दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर चालू करा. दुसरा सुमारे एक सेकंद आधी: आता पडदा दुसऱ्या यंत्राकडे द्या. प्रत्येक ठिपका चारच चौकटी टिकतो, पापणी लवली की हुकला.

रेघेचा रंग पाहा. रंगीत प्रिंटवर तीन रंगांचे थर एकावर एक असतात: सर्वांत वर किरमिजी, मधे निळसर, तळाशी पिवळा. वरचा थर तेवढा खरवडला गेला तर खालचे दोन मिळून हिरवी रेघ दिसते. दोन थर गेले तर पिवळी. तिन्ही गेले तर पांढरी. प्रिंटवर बसलेली धूळ काळी दिसते, कारण ती प्रकाश अडवते. निगेटिव्हवर असलेली धूळ प्रिंटमध्ये पांढरी उतरते.

मग रंग उडणे. त्या काळच्या ईस्टमनकलर प्रिंटमधला निळसर रंग सर्वांत आधी फिका पडतो, त्यामुळे जुने प्रिंट गुलाबी-लालसर होत जाते. एखादे रीळ दुसऱ्या प्रिंटमधून उसने आणून बसवले असेल तर मध्येच चित्राची एकूण छटाच बदलते.

फिल्म तुटली की ऑपरेटर खराब चौकटी कापून दोन्ही टोके सांधतो. त्यामुळे चित्र उडी मारते आणि शब्द गिळला जातो. इथे एक बारकावा आहे जो नकली खराबी करणारे नेहमी विसरतात. ३५ मिमी प्रिंटवर आवाजाची पट्टी चित्राच्या सुमारे २० चौकटी पुढे छापलेली असते, कारण प्रोजेक्टरमध्ये आवाज वाचणारे डोके, चित्र ज्यातून पडद्यावर पडते त्या झरोक्याच्या खाली असते. सांधा आधी झरोक्यातून जातो, मग आवाजाच्या डोक्यापाशी पोहोचतो. म्हणून खऱ्या प्रिंटमध्ये चित्राची उडी आधी आणि ‘टप्प’ असा आवाज जवळपास ०.८ सेकंदाने नंतर येतो. दोन्ही एकाच क्षणी आले तर समजा की उडी संपादनाच्या टेबलावर मारलेली आहे.

हा तपास ‘ग्राइंडहाउस’च्या दोन्ही चित्रपटांवर करून पाहण्यासारखा आहे, कारण दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत. ‘प्लॅनेट टेरर’ डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित झाला आणि त्याची झीज नंतर संगणकात चढवली. तिथे ती जवळपास स्वयंपाकातल्या तिखटासारखी हवी तिथे वापरली आहे. ‘डेथ प्रूफ’ फिल्मवरच चित्रित झाला, आणि छायाचित्रणाची जबाबदारी पहिल्यांदाच टॅरेंटिनो यांनी स्वतःकडे घेतली होती.

पायरी ५: पहिला भाग, टेक्ससमधले ऑस्टिन

सुरुवातीच्या श्रेयनामावलीत डोळा शीर्षकावर ठेवा. क्षणभर ‘थंडर बोल्ट’ असे वेगळेच नाव चमकते, आणि लगेच काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘डेथ प्रूफ’ ही ओबडधोबड पाटी येते. वितरक चालत नसलेल्या चित्रपटाचे नाव बदलून तो नवा म्हणून विकत आणि जुन्या शीर्षकाच्या जागी अशी पाटी सांधत. सांधताना जुन्या नावाच्या दोनचार चौकटी राहून गेल्या, असा हा देखावा आहे.

मग गप्पा. या गप्पांमुळे चित्रपट लांबतो अशी तक्रार सर्रास ऐकू येते, आणि काही ठिकाणी ती बरोबरही आहे. टॅरेंटिनो यांनीही आपल्या चित्रपटांत हा सर्वांत खालचा, अशा अर्थाचे जाहीरपणे म्हटले आहे. पण मूळ जातकुळीचा हिशेब लक्षात घ्या. अशा चित्रपटात पोस्टर आणि नाव अनेकदा आधी ठरे, पटकथा नंतर. पोस्टरवरचा अपघात महाग, बोलणे स्वस्त. म्हणून नव्वद मिनिटांतली सत्तर मिनिटे माणसे गाडीत, बारमध्ये, खोलीत बोलत बसत, आणि प्रेक्षक पोस्टरवरच्या त्या एका दृश्याची वाट पाहत बसे. ‘डेथ प्रूफ’ हीच वाट पाहणे हत्यारासारखे वापरतो. फरक एवढाच की इथे बोलणाऱ्या मुली खऱ्या माणसांसारख्या घडतात. कोणाचा कोणावर रुसवा आहे, कोणाला कोणाच्या फोनची वाट आहे हे आपल्याला कळत जाते, आणि म्हणूनच पुढचे दृश्य झोंबते.

या भागात तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा. एक, माइकची काळी शेव्हरोले नोव्हा चौकटीच्या कडेला किती वेळा आणि किती लवकर दिसते. दोन, ‘डेथ प्रूफ’ या शब्दाचा अर्थ तो बारबाहेर समजावून सांगतो ते वाक्य. स्टंटसाठी गाडीच्या आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवतात, चालकाला भक्कम पट्ट्यांनी आसनाशी जखडतात, म्हणजे गाडी चेपली तरी आतली जागा चेपत नाही. ही सुरक्षा कोणत्या आसनाला आहे आणि कोणत्या नाही, ते ऐका. तीन, त्याचे खाणे, त्याचा शांतपणा, त्याचे बोलके होणे. हा खुनी ज्या जगात वावरतो तिथे त्याचा धंदा संपलेला आहे. संगणकी दृश्यांच्या काळात त्याच्यासारख्या स्टंटमनला काम नाही, आणि त्याने ज्यांत काम केले त्यांची नावे समोरच्या पोरींना माहीतही नाहीत.

अपघात येतो तेव्हा तो एकदाच दाखवलेला नाही. गाडीतल्या प्रत्येकीसाठी तोच क्षण पुन्हा सुरू होतो. एक्सप्लॉयटेशन चित्रपट प्रेक्षकाला जे वचन देत तेच इथे पुरे केले आहे, पण अशा रीतीने की पाहणाऱ्याला आपण कशाची वाट पाहत होतो याचा हिशेब द्यावा लागतो.

पायरी ६: मधला सांधा

रुग्णालयातला मॅकग्रॉचा प्रसंग छोटा आहे. तो घाईत ओलांडू नका. जे झाले त्याचे कारण आणि कायद्याची हतबलता एवढ्यातच सांगून होते.

मग १४ महिन्यांनंतर, टेनेसी राज्यातले लेबनन. लांब आवृत्तीत इथे एक तुकडा कृष्णधवल आहे. रंग गेला म्हणून केबल तपासू नका. रंग परततात तेव्हा ते आधीपेक्षा भडक आणि स्वच्छ असतात, आणि इथून पुढे रेघा, उड्या, धूळ जवळजवळ नाहीशी होतात. माझ्या मते चित्रपटाचा कणा हाच आहे: झिजलेल्या प्रिंटच्या जगात खुन्याचे नियम चालत होते, स्वच्छ चित्राच्या जगात ते चालतीलच असे नाही. पहिल्या वेळी हा बदल नुसता नोंदवून ठेवा.

पायरी ७: दुसरा भाग, पांढरी चॅलेंजर

आता माइक १९६९ च्या डॉज चार्जरमध्ये आहे, आणि समोर चार नव्या मैत्रिणी आहेत. त्या चित्रपटाच्या धंद्यातल्या आहेत, त्यांतल्या दोघी तर स्वतः स्टंट करतात. न्यूझीलंडची झोई बेल हिने ‘झोई’ हेच पात्र स्वतःच्याच नावाने केले आहे. ती ‘किल बिल’मध्ये नायिका उमा थर्मनची स्टंट-डबल होती, धोक्याच्या दृश्यांत तिच्या जागी काम करणारी, म्हणजे एरवी चेहरा लपवण्यातच तिची कामगिरी असे. इथे कॅमेरा मुद्दाम तिचा चेहरा दाखवतो, जेणेकरून बॉनेटवर खरोखर तीच आहे याची खात्री पटावी.

उपाहारगृहातल्या टेबलाभोवती कॅमेरा कित्येक मिनिटे न तोडता फिरत राहतो. इथे पुन्हा धीर लागतो. या संभाषणात पुढच्या पाठलागाला लागणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट पेरलेली आहे: कोण गाडी चालवते, कोणाकडे पिस्तूल आहे, कोण किती उंचावरून पडून उठली आहे.

मग ‘शिप्स मास्ट’ नावाचा खेळ. धावत्या गाडीच्या दोन्ही दारांना एकेक पट्टा बांधायचा आणि ते धरून बॉनेटवर पाठीवर पडायचे. पाठलाग सुरू झाल्यावर तीन गोष्टी तपासत पाहा. रस्त्याकडेची झाडे आणि खांब: त्यांचा वेग आणि गाडीचा वेग जुळतो का. तिच्या अंगावरची सावली: ती सूर्याप्रमाणे फिरते का. आणि पट्टे: ते कधी ताणलेले, कधी सैल आहेत. संगणकात बनवलेल्या पाठलागात या तीन ठिकाणी चोरी सापडते. इथे सापडत नाही, कारण गाड्या खऱ्या, रस्ता खरा आणि बॉनेटवरची बाईही खरी. हा प्रकार कोणी करून पाहू नये, हे वेगळे सांगायला नको. तिच्यामागे स्टंट-चालकांचा अनुभवी ताफा होता.

पायरी ८: अडते कुठे

सर्वांत मोठी चूक म्हणजे तुकड्यातुकड्यांत पाहणे. आज चाळीस मिनिटे, उद्या चाळीस असे केले तर वाट पाहण्याचा ताण साचतच नाही आणि गप्पा नुसत्या गप्पा राहतात. थांबायचेच असेल तर रुग्णालयाच्या प्रसंगानंतर थांबा. जुने मध्यंतर असते तर तिथेच पडले असते.

दुसरी, फोनवर पाहणे. कडेला उभी नोव्हा आणि कोपऱ्यातले ठिपके सहा इंचांत दिसत नाहीत.

तिसरी, दिग्दर्शकाचे आधीचे चित्रपट पाहून आलेल्यांची. ते प्रत्येक संदर्भ ओळखायच्या नादाला लागतात. जॅकेट कोणत्या चित्रपटातले, गाणे कुठले, नंबर प्लेट कोणाची. पहिल्या वेळी हे सोडून द्या. दुसऱ्या वेळी पहिला भाग आवाज बंद करून पाहा: मुली कुठे बसल्या आहेत, गाडी कुठे उभी आहे आणि चित्र कोणत्या क्षणी उडी मारते, एवढेच कागदावर उतरवा.